कर्ज आणि इतबार

हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजाम सरकारने इ. स. १८५३ च्या तहान्वये जो वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला, आणि तत्पूर्वी ज्याचा वसूल हैदराबादच्या दिवाणांनी सावकारांकडे तारण लावला होता, त्या प्रांतात ऋणापायी अधिकार कसा हातचा जातो हे अमरावती-अकोल्याच्या रयतेला निराळे शिकविण्याचे कारण नव्हते. राज्यास लागू झालेला हाच न्याय पुढे सरकारी नोकरासही लागला. ज्याच्या हाती खजिना वा गोपनीय दप्तर, तो सावकाराचा अंकित नसावा. स्वातंत्र्योत्तर काळात, १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांतील सतराव्या नियमाने नित्याचे कर्जबाजारीपण आणि नादारी टाळण्याचे बंधन घातले, वसुलीचा दावा झाल्यास त्याची समग्र हकीकत सरकारास तत्काळ कळविण्यास फर्माविले, आणि हे ऋण उधळपट्टीचे नसून अनिवार्य आपत्तीचे आहे, हे सिद्ध करण्याचा भार नोकरावरच टाकला. हा भार मला फार जड वाटतो. कारण पावसाच्या भरवशावर कपाशी पिकविणाऱ्या या मुलखातील कारकुनाच्या डोक्यावर पुष्कळदा वडिलांच्या शेतीचे कर्ज असते, आणि त्यात व्यसनाचा लवलेशही नसतो.