दोहोंतून एक : अमेरिकन मतदाराच्या असमाधानाचा इतिहास



बडोद्यातील मराठी शाळेच्या व्यासपीठावरून अमेरिकेतील निवडणुकांविषयी बोलावे, आणि तेही मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मराठी मनाचा त्या देशाशी असलेला संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियास गेल्या, पुढे दोनअडीच वर्षे त्या देशात हिंडल्या, आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ त्यांनी मराठी वाचकांच्या हाती दिला. १९१३ मध्ये याच नगरीच्या अधिपतींनी, सयाजीराव महाराजांनी, दिलेल्या शिष्यवृत्तीवर तरुण भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेव्हा विषय परका असला तरी अनोळखी नाही.

त्या देशातील मतदाराची तक्रार थोडक्यात सांगता येते. दोन्ही पक्षांचे पुढारी खोटे बोलतात. तरीही मत द्यायचे ते त्या दोघांपैकीच एकाला. अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले आपले अनेक माजी विद्यार्थीही आता तिथले मतदार आहेत. ही तक्रार त्यांच्या कानी पडली असेलच. कदाचित त्यांच्या तोंडीही असेल. तिचे खापर नेहमी माणसांच्या नीतिमत्तेवर फोडले जाते. पूर्वीचे पुढारी थोर होते, आताचे घसरले, असा सूर लावणे सोपे असते. इतिहास पाहिला म्हणजे हा सूर टिकत नाही. मतदारापुढे उमेदवारांची नावे येण्यापूर्वीच कोणीतरी ती निवडलेली असतात. ते ‘कोणीतरी’ कोण, हा अमेरिकन राजकारणातील खरा प्रश्न आहे. गेल्या दोनशे वर्षांत तो अनेकदा सोडवला गेला, आणि प्रत्येक वेळी नव्या रूपात परत आला.

अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात पक्षबाजीपासून सावध राहण्यास बजावले होते. पण त्याच सुमारास त्यांच्या मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांभोवती दोन पक्ष आकार घेत होते. १८२४ मध्ये चौघे उमेदवार उभे राहिले. अँड्र्यू जॅक्सन यांना सर्वांत जास्त मते पडली, परंतु निर्वाचक मंडळात कोणालाच निर्विवाद बहुमत मिळाले नाही. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे चौथ्या क्रमांकाचे उमेदवार हेन्री क्ले यांच्या पाठिंब्याने जॉन क्विन्सी ॲडम्स अध्यक्ष झाले, आणि लागलीच क्ले परराष्ट्रमंत्री झाले. हा ‘भ्रष्ट सौदा’ आहे अशी ओरड करीत जॅक्सन यांनी १८२८ ची निवडणूक जिंकली. मतदाराची फसवणूक झाली हा आरोप तिथल्या प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

रमाबाईंच्या काळाकडे वळू. त्या अमेरिकेत असतानाच १८८८ ची अध्यक्षीय निवडणूक झाली. ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना देशभरात सुमारे नव्वद हजार मते अधिक मिळाली. निर्वाचक मंडळात मात्र बेंजामिन हॅरिसन २३३ विरुद्ध १६८ असे विजयी झाले. हे झाले मोजणीचे. मत विकत कसे घेतले जाई, हे अधिक उद्बोधक आहे. त्या काळी मतपत्रिका सरकार छापीत नसे, पक्ष छापीत. आपल्या पक्षाच्या नावांची, पुष्कळदा रंगीत कागदाची चिठ्ठी कार्यकर्ता मतदाराच्या हाती देई, आणि मतदार ती सर्वांदेखत पेटीत टाकी. पैसे देणाऱ्याला माल पोचला की नाही हे रंगावरून दिसे. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय खजिनदार विल्यम डडली यांचे इंडियाना राज्यातील कार्यकर्त्यांना लिहिलेले म्हणून एक पत्र वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. कुंपणावरच्या मतदारांचे पाच-पाचांचे गट पाडा आणि प्रत्येक गटावर पुरेशा पैशांसह एक विश्वासू माणूस नेमा, अशी त्यात सूचना होती. डडलींनी पत्र आपले नसल्याचे सांगितले. इंडियाना हे हॅरिसन यांचे स्वतःचे राज्य. ते त्यांनी जिंकले.

या लाजिरवाण्या प्रकाराचा परिणाम लवकरच दिसला. ऑस्ट्रेलियातील वसाहतींनी १८५६ मध्ये सुरू केलेली गुप्त मतदानाची पद्धत, म्हणजे सर्व नावे एकाच कागदावर, कागद सरकारने छापलेला आणि मत आडोशाला जाऊन द्यायचे, ही मॅसॅच्युसेट्सने १८८८ च्या कायद्याने स्वीकारली. पुढच्याच वर्षी इंडियानानेही ती उचलली. १८९२ पर्यंत बहुतेक राज्यांत ती रुजली होती. मत विकत घेणाऱ्याला आता माल पोचल्याची खात्री पटेना.

पण याच सुधारणेच्या पोटात दुसरी गोष्ट दडलेली होती, आणि माझ्या मते आजच्या तक्रारीचे एक मोठे मूळ तिथे आहे. पूर्वी चार माणसे एकत्र आली, छापखान्यात गेली, की नवा पक्ष मैदानात उतरे. आता कागद सरकारचा झाला. म्हणजे त्यावर कोणाचे नाव यावे हे कायदा ठरवू लागला. आणि कायदा करणारे विधिमंडळ त्याच दोन पक्षांच्या ताब्यात होते. नव्या पक्षाने इतक्या सह्या आणाव्यात, इतक्या मुदतीत आणाव्यात, अशा अटी पुढे वाढत गेल्या. १८९२ मध्ये कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीचे जेम्स वीव्हर यांनी दहा लाखांवर मते आणि निर्वाचक मंडळातील २२ मते मिळवली होती. असे लहान पक्ष एखाद्या मोठ्या पक्षाच्या उमेदवारालाच आपलाही उमेदवार म्हणून जाहीर करीत आणि त्या बळावर टिकून राहत. अनेक राज्यांनी तेही कायद्याने बंद केले. १९९७ मध्ये मिनेसोटातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. लाच रोखण्यासाठी बसवलेल्या दाराला आतून कडी घालता येते, हे दोन्ही पक्षांना उमगले होते.

दक्षिणेकडील राज्यांत तर या दाराचा उपयोग उघड क्रूरपणे झाला. जोतीरावांनी ज्यांच्या मुक्ततेचा गौरव केला, त्याच कृष्णवर्णीयांचे मत मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेने मतदान-कर आणि वाचनाची परीक्षा यांच्या आडून हिरावून घेतले. इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. टेक्सासची युक्ती याहून बोलकी आहे. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडून येणारच, हे ठरलेले असे. म्हणून त्या पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत, प्रायमरीत, फक्त गोऱ्यांनी मत द्यावे असा नियम झाला. अंतिम निवडणुकीत काळ्या माणसाला मत देण्यास त्या नियमाची आडकाठी नव्हती. निवड मात्र आधीच झालेली असे! सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार १९४४ मध्ये रद्द केला, आणि मताधिकाराचे खरे संरक्षण १९६५ च्या कायद्याने आले.

या प्रायमरीचा जन्म वास्तविक लोकांच्या हाती उमेदवारी देण्यासाठी झाला होता. बंद खोलीत बसून पक्षाचे मुखत्यार नावे ठरवतात हे मोडून काढण्यासाठी विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी १९०३ मध्ये ती कायद्याने आणली. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी अधिवेशनाने उमेदवारी विद्यमान अध्यक्ष टॅफ्ट यांनाच दिली. रूझवेल्ट यांनी वेगळा पक्ष काढला, टॅफ्टपेक्षा अधिक मते मिळवली, आणि या फाटाफुटीत ४२ टक्क्यांहूनही कमी मतांवर वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. १९१३ साली आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले तेव्हा सत्तेवर होते ते हेच विल्सन.

आता खोटेपणाविषयी. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९५८ पासून एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला आहे : वॉशिंग्टनमधील सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करील असा तुमचा भरवसा आहे काय? १९६४ मध्ये चारांपैकी तिघांनी ‘आहे’ असे सांगितले. १९८० पर्यंत हे प्रमाण चारांत एकावर आले. अलीकडच्या पाहण्यांत ते पाचांत एकाच्या आसपास घुटमळते. ही घसरण हवेतून आली नाही. १९६४ च्या प्रचारात लिंडन जॉन्सन अमेरिकन मुलांना आशियातल्या युद्धात लढायला पाठवणार नाही असे सांगत होते. निवडणुकीला चार महिने होतात न होतात तोच मरीन सैनिक व्हिएतनाममध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. सरकारच्या खासगी माहितीत आणि जाहीर बोलण्यात किती अंतर होते, हे १९७१ मध्ये ‘पेंटॅगॉन पेपर्स’नी दाखवले. त्यापाठोपाठ वॉटरगेट आले आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी रिचर्ड निक्सन पायउतार झाले.

घरफोडीपासून राजीनाम्यापर्यंत दोन वर्षे गेली, हे इथे विसरता कामा नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकन पद्धतीची तुलना केली होती. त्या पद्धतीत सरकारला स्थैर्य अधिक. संसदीय पद्धतीत सरकारला रोज जाब द्यावा लागतो. आणि दोहोंत मसुदा समितीने जबाबदारीला अधिक महत्त्व दिले, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपली संसदीय पद्धत हा जाब किती घेते, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. असो.

जॉन्सन यांच्या व्हिएतनामचा हिशेब १९६८ मध्ये मागितला गेला. युद्धविरोधी उमेदवारांना प्रायमरीत भरघोस मते पडू लागली, आणि जॉन्सन यांनी ३१ मार्चला माघार घेतली. जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारी दिली ती ह्यूबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या तरुणांवर पडत होत्या. या नामुष्कीनंतर नेमलेल्या समितीने नियम बदलले, आणि १९७२ पासून प्रायमरी हाच उमेदवारीचा राजमार्ग झाला. मुखत्यारांची खोली गेली. तिच्या जागी आला तो प्रायमरीला जाणारा मतदार, आणि तो संख्येने थोडा, मताने बहुधा कडवा. शिवाय राज्यामागून राज्य पिंजून काढण्यास लागणारा पैसा कोण पुरवणार, हा प्रश्नही त्याबरोबरच आला. २०२४ मध्ये तर प्रायमरी जिंकलेले जो बायडन जुलैत बाजूला झाले आणि कमला हॅरिस यांची निवड पक्षप्रतिनिधींनीच केली. चक्र जणू १९६८ पाशी येऊन थांबले!

मग तिसरा पर्याय का उभा राहत नाही? फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले की, ज्याला सर्वाधिक मते तो एकटा विजयी, अशा पद्धतीत मतदार हळूहळू दोन पक्षांकडेच ढकलला जातो. तिसऱ्याला दिलेले मत वाया जाईल ही भीती त्याला ढकलते. दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १९६८ मध्ये वर्णभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांना साडेतेरा टक्के मते मिळाली. ती दक्षिणेत एकवटलेली असल्याने निर्वाचक मंडळात ४६ मते पदरात पडली. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळजवळ एकोणीस टक्के, म्हणजे सुमारे एक कोटी सत्त्याण्णव लाख मते पडली. नवा कर लावणार नाही असे १९८८ मध्ये वचन देऊन १९९० मध्ये ते मोडणाऱ्या थोरल्या बुश यांच्यावरचा रागही त्यांत होता. ही मते देशभर विखुरलेली होती. निर्वाचक मंडळात त्यांचे फळ शून्य. तिसरा माणूस नेहमी सज्जनच असतो या समजुतीला वॉलेस यांचे उदाहरण उत्तर देते, हेही नमूद केले पाहिजे. २००० मध्ये फ्लोरिडात धाकटे बुश ५३७ मतांनी जिंकले. तिथे राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मते होती. गोर यांचा पराभव तुम्ही घडवलात, हा ठपका नेडर यांच्या मतदारांनी पुढे कित्येक वर्षे ऐकला.

नेवाडा राज्याने १९७५ च्या कायद्याने मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नाही’ असा रकाना ठेवला. आपल्याकडे ‘नोटा’ सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर आला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. नेवाडात २०२४ च्या रिपब्लिकन प्रायमरीत निकी हेली यांच्यापेक्षा या रकान्याला दुपटीहून अधिक मते पडली. परंतु कायद्याने हा रकाना जिंकू शकत नाही. मागे असलेले माणूसच विजयी ठरते. राग नोंदवला जातो, परिणाम होत नाही.

परिणामाची एक वाट मेन राज्याने काढली. तिथल्या मतदारांनी २०१६ मध्ये पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत मंजूर केली. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीकडे जाते, त्यामुळे तिसऱ्याला मत देण्याची भीती बरीच उणावते. अलास्काने २०२० मध्ये तिच्या जोडीला सर्व पक्षांची एकच खुली प्रायमरी स्वीकारली. उमेदवारी आणि मोजणी या दोन्ही गाठी एकत्र सोडवण्याचा मला माहीत असलेला हा सर्वांत गंभीर प्रयत्न. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, ओरेगॉन आणि नेवाडा या चार राज्यांत पसंतीक्रमाच्या मतदानाचे प्रस्ताव मतदारांपुढे आले. दोनच पर्याय आहेत म्हणून वर्षानुवर्षे कुरकुरणाऱ्या त्या मतदारांनी चारही ठिकाणी ते फेटाळले. अलास्कात ही पद्धत रद्द करण्यासाठी त्याच दिवशी मतदान झाले. तिथे ती आठशेहूनही कमी मतांच्या फरकाने वाचली.