अपंगांचे साहाय्य : शंभर वर्षांचा हिशेब

कारखान्यात काम करताना उजवा हात गेला, तर त्या हाताचे मोल किती? डावा गेला तर किती? प्रश्न क्रूर वाटतो. परंतु कायद्याला तो विचारावाच लागतो. भारतात त्याचे पहिले व्यापक उत्तर १९२३ साली संमत झालेल्या आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आलेल्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने दिले. कामगारांची बाजू मांडणारे ना. म. जोशी त्या वेळी मध्यवर्ती विधिमंडळात होते. कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचा तक्ताच होता. कोपरापासून उजवा हात गेल्यास कमाईची शक्ती ७० टक्के नष्ट झाली असे समजावे, डावा गेल्यास ६० टक्के, एक डोळा गेल्यास ३० टक्के, अंगठा गेल्यास २५ टक्के. कामगार कायमचा आणि पूर्णपणे निकामी झाला, तर त्याला ४२ महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळावयाची.

या तरतुदीत दोन प्रकारची मापे आहेत. टक्का हे एक माप. ते काळाबरोबर झिजत नाही. रुपया हे दुसरे. भाव वाढले की ते आपोआप आखूड होते. अपंगांच्या साहाय्याचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास हा बव्हंशी या आखूड होणाऱ्या मापाचाच इतिहास आहे.

तो समजून घेण्यास भोपाळचा गोविंदपुरा हा भाग सोयीचा आहे. १९५६ साली भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुराहून, अनेक मराठी नोकरदार कुटुंबे कचेऱ्यांपाठोपाठ तेथे गेली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने वीजनिर्मितीची अवजड यंत्रे घडविणारा तिचा कारखाना उभा राहिला आणि १९६० साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. भोवती पिपलानीसारख्या वसाहती वसल्या आणि लहान कारखान्यांची औद्योगिक वसाहतही वाढली.

हा कारखाना उभा राहण्यापूर्वीच कायद्याने एक मोठे पाऊल पुढे टाकले होते. प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्यावरील आपला अहवाल १९४४ साली सादर केला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. पुढे १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. जुन्या कायद्यात कायमच्या अपंगत्वाबद्दल रक्कम एकदाच हातावर ठेवली जाई. विमा योजनेत ती हप्त्याहप्त्याने आयुष्यभर मिळू लागली. शिवाय महागाईने या हप्त्याचे खरे मोल घटते हे ओळखून तो वेळोवेळी वाढविण्याची प्रथाही पडली. अपंग कामगाराला केवळ रक्कम नको, रकमेचे मोल टिकावयास हवे, हा विचार येथे प्रथम रुजला.

जुन्या कायद्याच्या वाटेला मात्र अशी गती आली नाही. भरपाई मोजताना धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा २००० साली ४,००० रुपये झाली, २०१० साली ८,००० आणि २०२० साली १५,०००. म्हणजे भाव दरमहा वाढत राहिले आणि कायदा दहा वर्षांनी एकदा जागा झाला. २०१९ साली हात गमावणाऱ्याचा हिशेब २०१० च्या मापाने झाला. त्याचा दोष एवढाच की त्याचा अपघात थोडा लवकर झाला. आता हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

एकरकमी भरपाईची मर्यादा भोपाळइतकी अन्य कोणत्याही शहराने सोसलेली नाही. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९८९ साली ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. रक्कम ठरली आणि तेथेच थांबली. दुखणी मात्र थांबली नाहीत. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला.

आता कारखान्याच्या फाटकाबाहेरील माणसाकडे वळू. जन्मतः अपंग असलेल्या, कधीच नोकरी न लागलेल्या माणसाला विम्याचा आधार नाही. त्याच्यासाठी केंद्र सरकारने २००९ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यास दरमहा २०० रुपये. २०१२ साली त्याचे ३०० झाले. त्यानंतर एका तपाहून अधिक काळ केंद्राचा वाटा तेथेच राहिला. मध्यप्रदेशात राज्याची भर पडून २०१९ साली हातात ६०० रुपये येऊ लागले. महाराष्ट्रात १९८० पासून चाललेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची रक्कम २०१९ साली १,००० रुपये, २०२३ साली १,५०० आणि २०२५ साली अपंगांपुरती २,५०० झाली. एकाच देशातील दोन शेजारी राज्यांत एकाच प्रकारच्या पंगुत्वाचे मोल असे निरनिराळे ठरले.

गोविंदपुऱ्यात हा विरोध अधिक ठळक दिसतो. औद्योगिक कामगारांसाठी भावांचा जो निर्देशांक दरमहा काढला जातो, त्याच्या केंद्रांत भोपाळचाही समावेश आहे. गहू, डाळ, घरभाडे यांचे भाव टिपले जातात, आणि त्या निर्देशांकावरून सरकारी कारखान्यातील नोकराचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी बदलतो. त्याच बाजारात तीच डाळ विकत घेणाऱ्या अपंगाच्या निवृत्तिवेतनाला मात्र तो निर्देशांक लागू नाही. मोजणारे आहेत, आकडा आहे. केवळ दोहोंना जोडणारा दुवा नाही.

रक्कम अशी स्थिर असताना नियम मात्र धावते असतात. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्के केल्या. सरकारी कागदांवरील ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. अपंगत्वाचे देशव्यापी ओळखपत्र आले. २०२४ च्या नियमांनी त्याला अपंगत्वाच्या प्रमाणानुसार पांढरा, पिवळा आणि निळा असे रंग दिले. यांतील बरेच बदल हिताचे आहेत. परंतु प्रत्येक बदलाची वार्ता काढण्याचा भार ज्याला चालता येत नाही, दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याच्यावरच पडतो. पिपलानीच्या पुनर्वास भवनात केंद्र सरकारचे अपंग पुनर्वसन केंद्र आहे. तथापि केंद्र कितीही जवळ असले, तरी तेथे केव्हा जावयाचे हे आधी कळावयास हवे.

२०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात असे म्हटले आहे की, इतरांना मिळणाऱ्या तशाच साहाय्यापेक्षा अपंगांचे साहाय्य किमान २५ टक्क्यांनी अधिक असावे. पुन्हा टक्का आला, हे सुचिन्हच. परंतु मूळ आकडाच गोठलेला असेल, तर त्याचा सव्वापटही गोठलेलाच राहणार. ज्या दिवशी हे निवृत्तिवेतन कामगाराच्या भत्त्याप्रमाणे भावांच्या निर्देशांकाशी जोडले जाईल, त्या दिवशी १९२३ साली राहिलेली उणीव भरून निघेल.

तोपर्यंत घराघराने आपली सावधगिरी राखावयास हवी. अपंग व्यक्ती असलेल्या प्रत्येक कुटुंबात एक वही असावी. तीत प्रमाणपत्राची मुदत, हयातीचा दाखला दिल्याची तारीख, बँकेत जमा झालेली रक्कम आणि मागील वर्षाची रक्कम लिहून ठेवावी. नवे आर्थिक वर्ष सुरू झाले की घरातील शिकत्या मुलाने ती वही घेऊन तहसील कचेरीत किंवा समाजकल्याण खात्यात चौकशी करावी. आणि ज्याच्या घरी असा मुलगा नाही, त्याची वही शेजाऱ्याने न्यावी.