केंडॉलचं ‘संयुग ई’

स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं भेटतात. ‘अरे बापरे, ते विष नको’ म्हणणारी, आणि ‘डॉक्टरांनी दिलं नि चार दिवसांत उठून बसलो’ म्हणणारी. गंमत म्हणजे दोघांचंही खरं आहे. ते कसं, हे एडवर्ड केंडॉलची गोष्ट वाचली की कळतं.

केंडॉल १८८६ सालचा, अमेरिकेतला. रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हे. १९१४ च्या ऐन नाताळच्या दिवशी मेयो क्लिनिकमध्ये त्याने थायरॉइड ग्रंथीतलं थायरॉक्सिन हे संप्रेरक स्फटिकरूपात वेगळं केलं. पुढे डुकरांच्या सुमारे तीन टन ग्रंथींतून हाती आलं किती, तर ३३ ग्रॅम! पण त्याने मांडलेली थायरॉक्सिनची रचना चुकली. बरोबर रचना १९२६ मध्ये लंडनच्या हॅरिंग्टनने दाखवली. दुसरा एखादा खचला असता.

हा गडी वळला अधिवृक्क ग्रंथींकडे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या दोन ग्रंथी. गाभ्यात अ‍ॅड्रिनलिन तयार होतं. बाहेरची साल निकामी झाली तर माणूस झिजत जातो, हे अ‍ॅडिसन या इंग्रज डॉक्टरने १८५५ मध्येच लिहून ठेवलं होतं. सालीत नेमकं काय असतं, हे शोधायला ढीगभर ग्रंथी हव्यात. त्या आणायच्या कुठून? केंडॉलने पार्क-डेव्हिस या औषध कंपनीशी सौदा केला : गुरांच्या ग्रंथी तुम्ही पाठवा, अ‍ॅड्रिनलिन काढून तुम्हाला देतो, साल माझी! (आपल्या आज्या अशाच हिशेबी असत.) त्या सालीतून १९३० च्या दशकात त्याने एकेक संयुग वेगळं केलं आणि त्यांना ए, बी, ई, एफ अशी नुसती अक्षरं दिली. स्वित्झर्लंडमध्ये राइशस्टाइन हेच करत होता.

महायुद्धात अफवा उठली की जर्मन वैमानिकांना या ग्रंथींचा अर्क देतात. अमेरिकन सरकार खडबडून जागं झालं. अफवा पोकळ होती, पण तिच्यामुळे संशोधनाला जोर आला. १९४४ च्या अखेरीस मर्क कंपनीच्या सॅरेटने बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून ‘ई’ तयार केलं.

मेयोतच फिलिप हेंच हा आमवाताचा डॉक्टर होता. कावीळ झाली की आमवाताच्या रोग्यांचं दुखणं ओसरतं, हे त्याने १९२९ पासून टिपून ठेवलं होतं. २१ सप्टेंबर १९४८ रोजी त्याने २९ वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला ‘ई’चं इंजेक्शन दिलं. आठवड्याभरात ती बाजारात खरेदीला गेली! ‘ई’ म्हणजेच कॉर्टिझोन. १९५० चं नोबेल केंडॉल, हेंच आणि राइशस्टाइन या तिघांना मिळालं.

पाठ्यपुस्तकातला धडा इथे संपतो. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. औषध थांबवलं की दुखणं परत येई. चालू ठेवलं तर चेहरा सुजे, साखर वाढे, हाडं ठिसूळ होत, काहींचं मनही बिघडे. शिवाय बाहेरून आयतं मिळू लागलं की आपल्या ग्रंथी काम सोडून देतात. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या एकदम बंद केल्या आणि चक्कर येऊन मोरीत पडल्या. रक्तदाब पार खाली. या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात ते उगीच नव्हे. झोपलेल्या ग्रंथींना जागं व्हायला वेळ लागतो. तेव्हा ज्यांच्या चालू आहेत त्यांनी परस्पर बंद करू नका बरं. याच कुळातलं डेक्सामेथासोन २०२० मध्ये करोनाच्या प्राणवायूवरच्या रोग्यांना वाचवायला कामी आलं.

आणि केंडॉल? ६५ पूर्ण झाल्यावर मेयोतून निवृत्त झाला, प्रिन्स्टनला गेला आणि तिथेही अधिवृक्क ग्रंथींवरच काम करत राहिला. १९७२ मध्ये वारला तोपर्यंत. दुसरं कॉर्टिझोन काही त्याला सापडलं नाही.