बाल लैंगिक अत्याचाराच्या जुन्या तक्रारी आणि संसदेची मर्यादा

कोलकात्यातील बेहाला येथे डिसेंबर २०१७ मध्ये एका शाळेसमोर पालकांनी आंदोलन केले. काही महिन्यांपूर्वीच्या कथित लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीवर वेळीच कारवाई झाली नाही, असा त्यांचा आरोप होता.

अशा गुन्ह्यांसाठीचा ‘पॉक्सो’ कायदा संसदीय स्थायी समितीच्या छाननीनंतर मे २०१२ मध्ये संमत झाला व १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. बालपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार पीडित व्यक्ती कोणत्याही वयात करू शकते, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. मात्र, कायदा अमलात येण्यापूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहिताच लागू होते.

पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे संसद केंद्राला कायद्याविषयी प्रश्न विचारू शकते. ठाण्यातील दिरंगाईचे उत्तर राज्य सरकारने विधानसभेत द्यायचे असते. अंमलबजावणीवर राष्ट्रीय व राज्य बालहक्क संरक्षण आयोगांनी देखरेख ठेवावी, अशी तरतूद कलम ४४ मध्ये आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये जुन्या प्रकरणांची स्वतंत्र चौकशी होऊन ऑक्टोबर २०२२ मध्ये अंतिम अहवाल सादर झाला. भारतात अशी राष्ट्रीय चौकशी झालेली नाही.