उल्हासनगर ते बदलापूर: गोदाम सुरक्षितही आणि झटपटही कसं चालवायचं?

९ मे २०१९ ची पहाट. पुण्याजवळच्या उरुळी देवाची इथं एका कापड दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपले होते आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. पाचपैकी एकही जण वाचला नाही.

उरुळी देवाची उल्हासनगरपासून लांब आहे, पण हे चित्र उल्हासनगरात कुणालाही अनोळखी वाटणार नाही. छतापर्यंत रचलेला माल, वर पोटमाळा, खाली एकच शटर आणि रात्री मालाच्या राखणीला आत झोपलेली पोरं.

गोदाम म्हटलं की भिवंडीच्या अवाढव्य शेड डोळ्यांसमोर येतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये मात्र बराचसा माल छोट्या गाळ्यांत, इमारतींच्या तळमजल्यावर आणि एमआयडीसीतल्या शेडमध्ये साठवला जातो. अशा ठिकाणी माल सुरक्षित कसा ठेवायचा, माणसं कशी सांभाळायची आणि तरीही काम पटापट कसं उरकायचं, हे समजून घेऊ.

तीन शहरं, तीन प्रकारचा माल

दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथं वसवलेले सिंधी निर्वासित आणि १९४९ मध्ये मिळालेलं नवं नाव, असा उल्हासनगरचा इतिहास आहे. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक ते कॅम्प पाच असंच सांगतात. बराकींच्या जागी दुकानं, कारखाने आणि घरं एकमेकांना खेटून उभी राहिली. जीन्स, कापड, फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू हा इथला मुख्य माल. त्यातलं कापड, फोम, प्लायवूड, पुठ्ठा हे सगळं लवकर पेट घेणारं आहे.

अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना आणि आयुध निर्माणी यांची जुनी ओळख आहे. आता तिथल्या एमआयडीसीत रसायनं आणि इंजिनीअरिंगचे कारखाने आहेत. म्हणजे गोदामात ड्रम, कॅन, पावडरच्या गोण्या आणि धातूचे जड भाग.

बदलापुरातही रसायनांचे कारखाने आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या एमआयडीसीत एका रासायनिक कंपनीत स्फोट होऊन एका कामगाराचा जीव गेला. त्याशिवाय शहराशेजारून उल्हास नदी वाहते. त्यामुळे आगीइतकंच पाण्याचंही भान ठेवावं लागतं.

मोकळी वाट म्हणजे वाया गेलेली जागा?

भाडं चौरस फुटावर मोजलं जातं. त्यामुळे रिकामी जागा दिसली की तिथं खोकी रचायची सवय लागते. तोटा सुरू होतो तो इथूनच.

वाट बुजली की मागचा माल काढायला आधी पुढचा हलवावा लागतो. एक खोकं काढायला पाच खोकी उचलली, तर मजुरी पाच खोक्यांची लागते आणि बिल एकाचंच होतं. वर माल पडतो, फाटतो, चुकीचा जातो. आग लागली तर हीच बुजलेली वाट जिवावर बेतते. म्हणजे सुरक्षितता आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्हींची सुरुवात मोकळ्या वाटेपासून होते.

त्यासाठी काही साधे नियम:

- शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत एक सरळ वाट ठेवा. दोन्ही कडांना पिवळ्या रंगाचे पट्टे ओढा. पट्ट्याच्या आत "पाच मिनिटांसाठी" म्हणूनही काही ठेवायचं नाही.
- वाटेची रुंदी तुमच्या सर्वांत रुंद गाडीवरून ठरवा. पॅलेट साधारण एक ते सव्वा मीटर रुंद असतं. दोन्ही बाजूंना हात घासणार नाहीत इतकी जागा जास्त हवी.
- आलेला माल उतरवण्याची आणि जाणारा माल लावण्याची जागा वेगळी ठेवा. दोन्ही एकत्र झालं की चुकीचा माल टेम्पोत चढतो.
- रोज जाणारा माल दारापाशी ठेवा. महिन्यातून एकदा लागणारा मागे आणि वर्षभर न हललेला माल तर गोदामाबाहेरच काढायच्या यादीत टाका.
- प्रत्येक जागेला नंबर द्या. "ब-३-२" म्हणजे ब ओळ, तिसरा रॅक, दुसरा खण. माल कुठं आहे हे एकाच जुन्या माणसाला माहीत असेल, तर तो गावी गेला की गोदाम ठप्प होतं.
- आधी आलेला माल आधी बाहेर काढा. गम, रंग आणि रसायनांवर मुदत छापलेली असते, त्यांच्यासाठी हा नियम पाळावाच लागतो.

थप्पी किती उंच?

जड माल खाली आणि हलका वर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गडबडीत उलटं होतं, कारण शेवटी आलेला माल सर्वांत वर टाकणं सोपं असतं. वारंवार लागणारा जड माल गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर ठेवला, तर पाठीवर ताण कमी येतो.

गोण्या रचताना विटांच्या बांधकामासारखे सांधे अडकवा, म्हणजे थप्पी कलत नाही. भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर ठेवा. ओल दिसते, उंदीर कळतात आणि मागे जाऊन मोजणीही करता येते. छताला पाण्याचे स्प्रिंकलर असतील, तर त्यांच्याखाली साधारण अर्धा मीटर जागा मोकळी हवी. नाहीतर पाणी पसरतच नाही.

लोखंडी रॅक जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेला असावा आणि एका खणात किती वजन चालेल हे त्यावर लिहिलेलं असावं. ट्रॉली आदळून रॅकचा खांब वाकला असेल, तर आधी तो रॅक रिकामा करा आणि मग दुरुस्तीचं बघा.

फोर्कलिफ्ट असेल तर माल उचलून गाडी पळवताना फोर्क जमिनीपासून वीतभरच वर ठेवायचा. समोरचं दिसत नसेल तर गाडी मागे मागे न्यायची. गाडी कलंडू लागली तर उडी मारायची नाही. सीटबेल्ट लावून आतच थांबायचं, कारण उडी मारणारा माणूस बहुतेक वेळा गाडीखालीच सापडतो.

आणि माणसानं किती उचलावं? नवी मुंबईच्या बाजार समितीत ५० किलोपेक्षा जड गोण्या उचलण्यावरून माथाडी कामगारांनी अनेकदा आवाज उठवला आहे. हमालांच्या कामाचं नियमन करणारा माथाडी कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे. तुमच्या गोदामात हमाल असतील तर तो तुम्हालाही लागू होतो का, हे माथाडी मंडळाकडे विचारून घ्या.

स्लॅबला वजन पेलतं का?

२९ एप्रिल २०२३ रोजी भिवंडीतल्या वळपाडा इथं एक इमारत कोसळली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. तिच्या खालच्या भागात गोदाम होतं आणि वर कुटुंबं राहत होती.

उल्हासनगरात राहत्या इमारतींत माल साठवण्याचं प्रमाण मोठं आहे. म्हणून हे गणित लक्षात ठेवा. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरून बांधला जातो. गोदामासाठी हाच आकडा किमान ७५० किलो आहे आणि थप्पी उंच होईल तसा तो वाढतो.

५० किलोची आडवी गोणी साधारण अर्धा चौरस मीटर जागा घेते. म्हणजे एका चौरस मीटरवर एका थरात दोन गोण्या. दोन थर झाले की २०० किलो भरले. राहत्या खोलीची मर्यादा तिथंच संपते. प्रत्यक्षात थर किती असतात, हे गोदामात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यातल्या २८ मेच्या दुर्घटनेत सात जणांचा जीव गेला. त्या राहत्या इमारती होत्या. जिथं नुसती राहती इमारत टिकत नाही, तिथं वरच्या मजल्यावर माल चढवण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं हाच मार्ग आहे. सळई दिसणं, प्लास्टर फुगणं, दरवाजे अडकायला लागणं ही इशाऱ्याची लक्षणं आहेत.

आग लागू नये म्हणून

मीटर पेटीभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. तात्पुरत्या वायरी, एकाच बोर्डावर लटकलेले चार प्लग, मालाला टेकलेले बल्ब हे सगळं आधी काढा. वेल्डिंग करायचं असेल तर माल हलवा, बाजूला अग्निशामक घेऊन माणूस उभा करा आणि काम संपल्यावरही अर्धा तास तिथं लक्ष ठेवा. कापडात आणि फोममध्ये ठिणगी बराच वेळ धुमसते. ई-स्कूटर किंवा ट्रॉलीच्या बॅटरीचं चार्जिंग पुठ्ठ्याजवळ आणि रात्री कुणी नसताना करू नये.

अग्निशामक सिलिंडर दारापाशी आणि वाटेवर, हाताला येईल असा टांगलेला हवा. दर महिन्याला त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा. वापरण्याची पद्धत चार पायऱ्यांची: पिन काढा, नळी आगीच्या बुडाकडे धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. छोटा सिलिंडर काही सेकंदच चालतो. तेवढ्यात आग विझली नाही तर तिथं थांबायचं नाही. बाहेर पडून १०१ किंवा ११२ ला फोन करायचा.

ड्रम आणि कॅन असतील तर

प्रत्येक रसायनासोबत पुरवठादाराकडून सुरक्षा माहिती पत्रक मागून घ्या. त्यात १६ भाग असतात: आग लागली तर काय वापरायचं, अंगावर सांडलं तर काय करायचं आणि ते कशासोबत ठेवू नये. हे पत्रक कार्यालयाच्या कपाटात नको, गोदामाच्या दारावर हवं आणि कामगारांना कळेल अशा हिंदी-मराठीत हवं.

आम्ल आणि अल्कली शेजारी ठेवू नका. ऑक्सिडायझर हे थिनर किंवा सॉल्व्हंटपासून लांब ठेवा. पाण्याशी भडकणारी रसायनं गळक्या पत्र्याखाली नकोत. ड्रमभोवती छोटा बांध हवा. सर्वांत मोठा ड्रम पूर्ण फुटला तरी त्यातलं सगळं मावून थोडी जागा उरेल, इतका. नाहीतर सांडलेलं रसायन गटारातून वालधुनीत जातं आणि वालधुनी अंबरनाथहून थेट उल्हासनगरच्या वस्त्यांमधून वाहते.

पाणी आलं तर?

२६ जुलै २००५ चा पूर इथल्या जुन्या दुकानदारांना आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे. पावसाळ्यात प्रशासन ही पातळी जाहीर करत असतं. ती इशाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच खालचा माल वर न्यायचा, मेन स्विच बंद करायचा आणि रसायनांच्या कॅनची झाकणं तपासायची. माल कधीच थेट लादीवर ठेवू नका, खाली पॅलेट हवंच. मे महिन्यात पत्रे आणि पन्हाळी तपासणं हे ऑगस्टमध्ये भिजलेले तागे फेकण्यापेक्षा स्वस्त पडतं.

रात्री आत कोण असतं?

मार्च २०२२ मध्ये सिकंदराबादच्या भंगार गोदामाला लागलेल्या आगीत वर झोपलेले बिहारचे ११ कामगार गेले. मे २०२५ मध्ये सोलापुरात टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण मृत्युमुखी पडले. त्यात कामगारांसोबत खुद्द मालकाचं कुटुंबही होतं, कारण ते कारखान्याच्या वरच राहत होते.

या घटनांमध्ये आग लागली तेव्हा माणसं मालाजवळ झोपलेली होती. उल्हासनगरात खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून कामगार गोदामात झोपतात आणि राखण फुकटात होते म्हणून मालकही चालवून घेतो. दोघांचाही फायदा वाटतो, पण धूर झोपलेल्या माणसाला उठूच देत नाही.

गोदामात कुणी झोपू नये, हाच खरा नियम. रखवालदार लागतोच, तर तो दारापाशी आणि जागा हवा. त्याच्याकडे आतून उघडणारी किल्ली हवी आणि शटरशिवाय बाहेर पडायला दुसरी वाट हवी. माणूस आत असताना बाहेरून कुलूप कधीच लावू नका. चोरीला गेलेला माल विम्यातून भरून येऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा आहे आणि तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. कायद्यात येणाऱ्या इमारतीची आगीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि वापरणारा या दोघांवर आहे. म्हणजे "गाळा भाड्याचा आहे" ही सबब चालत नाही. यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावं लागतं.

उद्या सकाळी करायच्या पाच गोष्टी

१. शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत चालत जा. कुठं आडवं वळावं लागलं तर ती वाट आधी मोकळी करा.
२. मीटर पेटीसमोरचा माल हलवा.
३. अग्निशामकाचा काटा आणि तारीख बघा.
४. सर्वांत जड थप्पी कुठल्या मजल्यावर आहे ते बघा आणि वजनाचं गणित करा.
५. काल रात्री आत कोण झोपलं होतं ते विचारा, आणि आज रात्री त्याची झोपायची सोय दुसरीकडे करा.