यवतमाळ : कापूस इथला, भाव बाहेरचा

१/९
वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या यवतमाळ जिल्ह्याची ओळख आज प्रामुख्याने शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून होते. त्या बातम्यांच्या मुळाशी दीडशे वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड #यवतमाळ

२/९
'आइन-ई-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील एका परगण्याचे नाव 'योत लोहारा' असे येते. योत म्हणजे यवत. लोहारा हे आजही यवतमाळलगतचे गाव. नावातील 'माळ' हा 'महाल' या महसुली शब्दाचा अपभ्रंश मानला जातो.

३/९
१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६४ मध्ये येथे स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे त्याला वणीचे नाव मिळाले, कचेरी मात्र यवतमाळला राहिली. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि 'यवतमाळ जिल्हा' हे नाव रूढ झाले.

४/९
१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव कडाडले, युद्ध संपताच कोसळले. सातासमुद्रापलीकडच्या घडामोडी गावच्या खळ्यावर जाणवू लागल्या.

५/९
पुढे 'शकुंतला' आली. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा नॅरोगेज मार्ग ब्रिटिश कंपनीने मुख्यतः कापसासाठी बांधला. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या गाडीत चढत आणि मुंबईमार्गे परदेशी जात. स्वातंत्र्यानंतरही या मार्गाची मालकी दीर्घकाळ खासगी कंपनीकडेच होती.

६/९
जंगलाचेही तेच झाले. गोंड, कोलाम, आंध, बंजारा यांच्या चराईवर आणि सरपणावर सरकारी निर्बंध आले. समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडात मिठापेक्षा गवताचा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. म्हणून १० जुलै १९३० रोजी वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला.

७/९
पुसद तालुक्यातील गहुली या गावाने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले : वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक. वसंतरावांच्याच कारकिर्दीत, १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. व्यापाऱ्याऐवजी शासनाने हमी दराने कापूस घ्यावा, हा तिचा हेतू. भाव ठरविण्याची सत्ता बाजाराकडून काढून घेण्याचा हा मोठा प्रयत्न होता.

८/९
तरीही १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने कुटुंबासह मृत्यू पत्करला. राज्यातील जाहीर नोंद झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. त्या स्मृतीत आजही १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात.

९/९
जिल्ह्यातील महाविद्यालये अमरावती विद्यापीठाशी जोडलेली. कृषी विद्यापीठ अकोल्याला. कापूस, गवत, शिक्षण : राबणारे हात इथले, निर्णयाची जागा अन्यत्र. यवतमाळला केवळ 'मागास' म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या मातीने जगाच्या गिरण्या चालविल्या, तिच्या कष्टाचे मोल कोणी ठरविले, हा प्रश्न त्या शब्दाआड झाकला जातो. #इतिहास #वऱ्हाड