डोळ्यांची खाज आणि दोनशे वर्षांचा शोध

इंदूर-बडोद्यापासून बेळगाव-हैदराबादपर्यंत तुम्ही जिथे कुठे असाल, तिथे एकदा आठवून बघा. दर उन्हाळ्यात घरातल्या कुणाचे तरी डोळे लाल होतात, खाजतात, पाणी गळतं. आपण 'डोळे आले' म्हणून मोकळे होतो. पण डोळे येणं हा संसर्ग. तो घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि आठ-पंधरा दिवसांत उतरतो. दरवर्षी ठरल्या दिवसांत दोन्ही डोळ्यांना सुटणारी खाज ही बहुधा अ‍ॅलर्जी असते. मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. लढायांबद्दल बोलणारा माणूस आज डोळ्यांकडे का वळला, ते पुढे सांगतो.

सुरुवात लंडनमध्ये होते. १६ मार्च १८१९ रोजी जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी तिथल्या वैद्यकीय सभेत एका रुग्णाची हकिगत वाचली. रुग्णाला आठव्या वर्षापासून दर जूनमध्ये डोळ्यांची आग आणि खाज, मग शिंका, मग छातीत दडपण. हा रुग्ण म्हणजे ते स्वतःच. १८२८ पर्यंत शोध घेऊन त्यांना असे जेमतेम २८ रुग्ण सापडले. आज डोळ्यांची अ‍ॅलर्जी दर पाच-सहा माणसांत एकाला असते, असा अंदाज दिला जातो. बोस्टॉक यांनी दोष उन्हाळ्यातल्या उष्म्याला दिला.

खरा आरोपी पकडला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनाही हाच त्रास होता. चिकट लेप लावलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवून त्यांनी परागकण मोजले. पतंगाला बांधून त्या हजार फुटांच्या वर पाठवल्या. गवताचे पराग स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिले, आणि डोळा सुजला. १८७३ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं.

'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी तर डोळ्यालाच मोजपट्टी केलं. परागाचा अर्क किती पातळ केला तरी डोळा लाल होतो, ते पाहायचं आणि त्यावरून इंजेक्शनची मात्रा ठरवायची. नून १९१३ मध्ये क्षयाने गेले. मात्रा हळूहळू वाढवत शरीराला सवय लावण्याची ती पद्धत आजही वापरात आहे.

पण शरीर असं का वागतं? १९६६ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी पती-पत्नींनी रक्तातलं 'आयजीई' हे प्रतिद्रव्य ओळखलं. हे प्रतिद्रव्य डोळ्याच्या पातळ आवरणातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसतं. पराग किंवा धुळीतला कण आला की पेशी फुटते, हिस्टामिन बाहेर पडतं, आणि खाज, लाली, पाणी सुरू. फौजी भाषेत सांगायचं तर संत्री आपल्याच दूधवाल्यावर गोळी झाडतो.

संत्र्याला शांत ठेवणारं एक औषध शोधलं रॉजर अल्टुनियन यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिकांना शिकवत. त्यांना दमा होता. गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून ते मुद्दाम दमा उठवत आणि औषधं स्वतःवर तपासत. त्यातून १९६५ मध्ये क्रोमोग्लायकेट हाती आलं. पुढे त्याचे डोळ्यांचे थेंबही निघाले. ते सावकाश काम करतात, पण सुरक्षित आहेत.

झटपट काम करणारं औषध त्याआधीच आलं होतं. १९४८ मध्ये कॉर्टिसोन प्रथम संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं. १९५० मध्ये त्यावर नोबेल मिळालं. स्टेरॉइडचे थेंब डोळ्यात घातले की लाली दोन दिवसांत जाते. मात्र १९६० च्या दशकात स्पष्ट झालं, की हे थेंब काही आठवडे चालू ठेवले तर बऱ्याच लोकांत डोळ्याच्या आतला दाब वाढतो. त्यातून काचबिंदू होऊ शकतो. तो दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही.

हे मला १९९१ मध्ये ठाऊक नव्हतं. पोस्टिंग जोधपूरला होतं. कोरडी हवा, आंधीची धूळ आणि चहूकडे विलायती बाभूळ. या झाडाला जोधपूर संस्थानाने १९४० मध्ये 'शाही' दर्जा दिला होता. त्याचे पराग अ‍ॅलर्जीसाठी ओळखले जातात. माझ्या पलटणीतल्या साताऱ्याकडच्या हवालदाराचा आठ वर्षांचा मुलगा डोळे चोळून चोळून बेजार होता. उष्ण-कोरड्या मुलखात लहान मुलग्यांना होणारी ही तीव्र अ‍ॅलर्जी. पापणीच्या आत फरशीसारखे उंचवटे येतात. बहुतेकांची वयात आल्यावर ती ओसरते. मला डॉक्टरांनी कधीतरी आठवड्यापुरते दिलेले थेंब आठवले. मी म्हणालो, "हे घाल, लगेच उतरतं." उतरलं. "साहेब, जादू झाली," हवालदार म्हणाला.

चार वर्षांनी तो भेटला. थेंब चालूच होते. दुकानदार चिठ्ठी न मागता देत होता. मुलाच्या डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती. हवालदार मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. बोस्टॉक, ब्लॅकली, अल्टुनियन यांनी प्रयोग स्वतःवर केले. मी दुसऱ्याच्या लेकरावर केला.

म्हणून एवढंच लक्षात ठेवा. डोळे चोळू नका. सतत चोळण्याने बुबुळाचा आकार बिघडू शकतो. थंड पाण्याची घडी ठेवा, उन्हात गॉगल लावा. अ‍ॅलर्जी रोखणारे सौम्य थेंब डॉक्टरांकडून घ्या. स्टेरॉइडची गरज कधी कधी खरोखर असते, पण तेव्हा किती दिवस घालायचे ते विचारा आणि डोळ्याचा दाब तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. आणि आपली बाटली शेजाऱ्याला देऊ नका, कितीही माया असली तरी.

जय हिंद.